आधी वीज, मग रोषणाई

दहावीचा निकाल लागला की घरोघरी बक्षिसाचा विषय निघतो. आमच्या वेळी त्याची मजल मनगटी घड्याळापर्यंत, फार तर सायकलीपर्यंत जात असे. २०२३ च्या जूनमध्ये आमच्या कन्येने निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर आठ वस्तूंची नावे, प्रत्येकीपुढे किंमत आणि खाली बेरीज होती : ८६ हजार रुपये. "बाबा, मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय. तयार नको, सुटे भाग आणून आपण घरी जोडू."

पुढे काय झाले असेल ते सुज्ञ वाचकांना सांगायला नको. "एवढ्या पैशांत अकरावीच्या क्लासची फी निघेल," असे तिच्या आईने सुनावले. "खेळायचंच आहे तर खाली मैदान आहे," असे मी म्हणालो. (त्या मैदानावर आता गाड्या उभ्या असतात, हे कन्येने तत्परतेने दाखवून दिले.) दोन दिवसांच्या अबोल्यानंतर तह झाला. मॉनिटर धरून ७० हजार रुपये, वर एक पैसा नाही. यादी तिने करायची. पण प्रत्येक वस्तूपुढे 'हीच का?' याचे उत्तर लिहायचे. आणि संगणक राहील तो बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मुलांनी संगणकावर खेळावे की नाही, या वादात मी इथे पडत नाही. तो प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवायचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र द्यायचेच ठरले असेल तर दिव्यांनी झगमगणारा तयार डबा आणून देऊ नका. एक ठरलेली रक्कम द्या आणि एक कोरा कागद द्या. आणि त्या कागदावर सर्वांत आधी ती वस्तू लिहायला लावा, जी संगणक सुरू असताना कोणालाच दिसत नाही.

ही वस्तू म्हणजे बाजारात ज्याला 'एसएमपीएस' म्हणतात तो वीजपुरवठ्याचा डबा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज आतल्या नाजूक भागांना सोसवत नाही. त्यांना लागतात १२, ५ आणि ३.३ असे मोजके व्होल्ट, तेही स्थिर. हे रूपांतर तो डबा करतो. कन्येच्या पहिल्या यादीत ग्राफिक्स कार्ड ३४ हजारांचे होते, काचेचे आणि चार रंगीत पंख्यांचे कॅबिनेट ९ हजारांचे होते, आणि तळाशी लिहिले होते, 'एसएमपीएस : १,२००'. 'हाच का?' यापुढे उत्तर होते, 'कोणताही चालतो'.

तिथे माझे बोट थांबले, कारण 'कोणताही चालतो' हे वाक्य मी २००१ साली स्वतः उच्चारले होते.

त्या काळी मध्यमवर्गीय घरांत येणारे बरेचसे संगणक 'असेंबल' केलेले असत. आमचाही तसाच. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस आयताच मिळाला. त्यावर कंपनीचे धड नावही नव्हते. माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहायला घेतल्या. पावसाळ्यात बंद पडलेले रस्ते, मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या, तारा घेऊन रात्री-अपरात्री निघालेले शिपाई, असे काय काय त्यात होते. दोन वर्षांत ऐंशी पाने झाली. २००३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दिवे दोनदा लुकलुकले, टेबलाखाली फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. फ्लॉपीवर काढून ठेवलेली पहिली बारा पाने तेवढी वाचली. वडील "जाऊ दे" म्हणाले. पुन्हा त्यांनी लिहायला घेतले नाही.

दुसरी प्रत वेळेवर न काढण्याची चूक माझी, हे मान्य. पण चांगला आणि वाईट एसएमपीएस यांतला फरकही नेमका इथेच आहे. चांगल्या डब्यात बिघाड झाला, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, तर तो स्वतःला बंद करून घेतो. मेलाच तर सहसा एकटा मरतो. वाईट डबा मरताना शेजाऱ्यांनाही सोबत नेतो. ही गोष्ट मी कन्येला सांगितली. आजोबांची ती बारा पाने तिने वाचलेली आहेत. तिने काही न बोलता १,२०० हा आकडा खोडला.

मग आम्ही दोघे हे डबे निरखायला शिकलो. वरचा मोठा आकडा, ५०० वॅट, ६०० वॅट, हा पुष्कळदा फसवा असतो. खरे पाहायचे ते बाजूच्या लेबलवर. तिथे १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपला मुख्य खुराक याच मार्गाने घेतात. वर '५०० वॅट' आणि आत १२ व्होल्टला २५ अँपिअर असतील, तर कामाचे वॅट फक्त ३००. डब्यावरच्या '८० प्लस' या शिक्क्याचा अर्थही समजून घ्यावा. २००४ साली सुरू झालेले हे प्रमाणपत्र विजेची नासाडी किती कमी होते ते सांगते. सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून शिक्का, अँपिअर, संरक्षणाच्या सोयी आणि वॉरंटी या चारही गोष्टी पाहायच्या. आम्ही पाच वर्षांच्या वॉरंटीचा, ५५० वॅटचा डबा साडेचार हजारांना घेतला. आमच्या प्रोसेसरची आणि कार्डाची मिळून भूक दोनशे वॅटच्या आसपास. इतर भाग धरले तरी डबा साधारण अर्ध्या भारावर चालतो. अशा डब्याला तेच मानवते.

आता वाटेल की बापाने शिकवले आणि मुलीने ऐकले. तसे मुळीच नाही. पुढच्याच ओळीला तिने मला पकडले.

प्रोसेसर चांगला दणदणीत घ्यावा, पुढे दहा वर्षे बघायला नको, असे माझे मत होते. कार्यालयात आमच्याकडे 'आय सेव्हन' म्हणजे साहेबाचा संगणक आणि 'आय थ्री' म्हणजे कारकुनाचा, अशी उतरंड असे. कन्येने दोन नावे कागदावर लिहिली. एक, २०११ चा आय सेव्हन २६००. दुसरा, २०२२ चा आय थ्री १२१००. दोघांनाही चार-चार कोअर. पण अकरा वर्षांनी धाकटा असलेला 'कारकून' त्या 'साहेबा'ला आरामात मागे टाकतो. जुने आय सेव्हन घालून 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जाणारे संगणक बाजारात असतात आणि माझ्यासारखा माणूस नावाला भुलतो. पिढी कोणती हे विचारल्याशिवाय नुसत्या नावाला अर्थ नाही.

तिने दुसरा धडा दिला तो पडद्याचा. ग्राफिक्स कार्ड कोणते, हा प्रश्न नंतरचा; आधी मॉनिटर ठरवायचा. १९२० गुणिले १०८० असा साधा पडदा घेतला तर कार्डाला प्रत्येक चित्रासाठी सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके रंगवावे लागतात. 'फोर के' पडद्यावर हेच ठिपके बरोबर चौपट होतात. म्हणजे हौसेने मोठा पडदा आणला आणि कार्ड मध्यम घेतले, तर चित्र अडखळत चालणार. आणि महागडे कार्ड जुन्या, सेकंदाला साठच चित्रे दाखवणाऱ्या पडद्याला जोडले, तर उरलेला पैसा पाण्यात. आमच्या रकमेत साधा पण वेगवान, सेकंदाला १६५ चित्रे दाखवणारा पडदा ११ हजारांत बसत होता. त्याला साजेसे कार्ड रेडिऑन आरएक्स ६६००; ते साडेएकवीस हजारांना मिळाले. यादीतले ३४ हजारांचे कार्ड तिने स्वतःच्या हाताने खोडले.

प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००. सहा कोअर, ६५ वॅट, आणि थंड करण्याचा पंखा खोक्यातच. रॅम सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण दोन पट्ट्यांशी प्रोसेसर एकाच वेळी दोन वाटांनी बोलतो. आणि काचेच्या कॅबिनेटऐवजी समोर जाळी असलेले साडेतीन हजारांचे कॅबिनेट आले. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीतली हवाच तापलेली असते. ती आत जायला वाट नसेल तर काचेआडचे पंखे दिव्यांची आरास म्हणूनच शोभतील. मदरबोर्ड नऊ हजार, एक टीबीची एसएसडी साडेचार हजार, रॅम साडेतीन हजार, प्रोसेसर साडेबारा हजार. बेरीज करून पाहा, बरोबर ७० हजार होते. हे भाव त्या वेळचे.

खरेदीसाठी आम्ही डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकाची दुकाने विचारायची तर जुनेच नाव घ्यावे लागते. पहिल्याच दुकानात यादी न बघता आम्हाला 'पॅकेज' दाखवण्यात आले. पंखे सप्तरंगात फिरत होते. कन्येने विचारले, "काका, एसएमपीएस कोणता आहे?" उत्तर आले, "चांगला आहे, काळजी करू नका." ती उठली. मीही उठलो. त्या क्षणी मला ७० हजारांतले निम्मे वसूल झाल्यासारखे वाटले.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. चार तास लागले. सुरू केले तर पंखे फिरतात, पडदा काळा! माझ्या पोटात २००३ चा गोळा आला. कन्येने मागे डोकावून पाहिले. मॉनिटरची वायर मी मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती. आमच्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोयच नाही. वायर ग्राफिक्स कार्डालाच हवी. तिने ती बदलली आणि पडदा उजळला. मग बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर आणला. तो आपोआप येत नाही, हेही मला तेव्हाच समजले.

यंत्राबाहेरच्या दोन गोष्टी त्याच आठवड्यात केल्या. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगचे अर्थिंग तपासून घेतले. आणि यूपीएस घेताना 'व्हीए' आणि 'वॅट' यांतला फरक पाहिला. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर अनेकदा ३६० वॅटच लिहिलेले असतात. आमचे त्यात जेमतेम भागले. मोठे कार्ड घेतले असते तर भागले नसते. शिवाय दर महिन्याला कामाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची, हा नियम. तो माझ्यासाठी आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. मूल वसतिगृहात जाणार असेल तर लॅपटॉपच बरा. हा संसार पाठीवर नेता येत नाही. भाग सुटे घेतले की वॉरंटीही सुटी. काही बिघडले तर कोणता भाग दोषी ते स्वतः शोधावे लागते. आणि भावांचा भरवसा नाही. २०२१ मध्ये टाळेबंदीनंतरची टंचाई आणि आभासी चलनाचे 'खाणकाम' यांमुळे ग्राफिक्स कार्डे अवाच्या सवा किमतींना विकली गेली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीच्या चिप्स उचलल्या आणि रॅमचे भाव भडकले. आमचे आकडे म्हणूनच कोणी गिरवू नयेत.

आकडे बदलतात, क्रम बदलत नाही. आधी पडदा ठरवा, त्याला साजेसे कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर. या सगळ्यांची भूक मोजून चांगला एसएमपीएस निवडा आणि त्याचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढून ठेवा. दिवे उरलेल्या पैशांत. 'दहा वर्षे बघायला नको' हे मनातून काढून टाका. त्यापेक्षा तीन-चार वर्षांनी एखादा भाग बदलता येईल असे जोडा. चांगला वीजपुरवठा आणि हवेशीर कॅबिनेट तेव्हाही उपयोगी पडतात.

कन्येचे खेळणे आता पुष्कळ कमी झाले आहे; अभ्यासाने ते आपोआप केले. पण परवा शेजारचे गृहस्थ मुलासाठी संगणक घ्यायचा म्हणून मोबाइलवर रंगीत चित्रे घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना एक कोरा कागद आणि पेन दिले. तुमच्याकडेही असा हट्ट सुरू झाला असेल तर तेवढेच करा. आणि दुकानात दिवे लावून दाखवले जातील, तेव्हा आत एसएमपीएस कोणता, १२ व्होल्टला किती अँपिअर, एवढे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर चहा तसाच ठेवून पुढच्या दुकानात जा.