पुतळ्याची तारीख ठरवण्याआधी

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, मा. कला संचालक आणि गावोगावच्या पुतळा समित्यांचे अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

डिसेंबर २०२५ मध्ये शिल्पकार राम सुतार यांचं नोएडात निधन झालं. वयाची शंभरी पार झाली होती. त्यांच्याबद्दल जे बोललं-लिहिलं गेलं त्यात एक आकडा हमखास होता : १८२ मीटर, केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याची उंची. आकडा खरा आहे. पण सत्तर वर्षं मातीत हात घातलेल्या माणसाची ओळख एका उंचीवर आणून ठेवायची, ही आपल्या राज्याची जुनी खोड आहे. पुतळ्याबद्दल आपण दोनच प्रश्न विचारतो : किती फूट, आणि अनावरण कधी? या दोन्ही प्रश्नांचा शिल्पकाराच्या कामाशी फारसा संबंध नसतो, म्हणून हे पत्र.

सुतारांचा जन्म १९२५ चा, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा. आडनाव सुतार आणि घरचा धंदाही तोच. श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या गुरुजींनी या मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायला लावलं. १९५३ साली तिथलं मेयो सुवर्णपदक मिळालं. त्यानंतरची चार वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. १९५४ ते १९५८ ते पुरातत्त्व खात्यात होते, अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीवर. पदक खिशात असलेला तरुण दुसऱ्याच्या, तेही हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिराच्या, तुटलेल्या कडा जुळवत बसतो. तिथे स्वतःचं काही दाखवायचं नसतं. मूळ हात कसा चालला असेल ते ओळखायचं आणि तेवढंच करून थांबायचं. पुढे त्यांनी घडवलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर जो संयम दिसतो, त्याचं मूळ मी तिथे शोधतो.

मग दिल्ली, थोडी सरकारी नोकरी, आणि ती सोडून स्वतंत्र व्यवसाय. चंबळवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटांची चंबळमाता घडवली. तिची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीजी त्यांचे, १९९३ चे. खासदार तीस वर्षं ज्या पुतळ्यासमोर फलक घेऊन उभे राहिले तो हाच. २०२४ मध्ये तो आवारातच दुसरीकडे नेला, तेव्हा जागेवरून भरपूर वाद झाला, पण घडवणाऱ्याचं नाव त्या वादात क्वचितच आलं. तो पुतळा एकदा नीट पाहा. मांडी घातलेली, पापण्या मिटलेल्या, हात मांडीवर विसावलेले. आवेश कुठेच नाही. वास्तववादी शिल्प म्हणजे फोटोबरहुकूम नाक-डोळे, असा आपल्याकडे समज आहे. नाक-डोळे कुणीही बऱ्यापैकी जमवतो. खांद्यावरून उतरणारं शरीराचं वजन बैठकीत नेमकं कुठे टेकतं, हे ज्याला मातीत सापडतं तो या परंपरेतला शिल्पकार. म्हात्रे, करमरकर यांच्यापासून ही परंपरा महाराष्ट्रात आहे. करमरकरांनी १९२८ मध्ये पुण्यासाठी केलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा शंभरीला आला आहे आणि जागेवर ठाम आहे.

आता कामाकडे येतो, कारण फायलीत हे दिसत नाही.

आधी लहान नमुना होतो. तो पसंत पडला की लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर पूर्ण मापाची माती चढते. ती ओल्या फडक्यांनी आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवावी लागते. याच टप्प्यावर समिती पाहायला येते आणि ‘चेहऱ्यावर जरा तेज आणा’ असं सांगून जाते. (तेज हा कांस्याचा घटक नाही, हे शिल्पकार तोंडावर बोलत नाही.) मातीवरून प्लास्टरचा साचा, त्यातून फायबरची प्रत, तिचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचं पोकळ मेण. मेणाला रस जाण्याच्या आणि हवा निघण्याच्या वाटा जोडून त्यावर उष्णता सोसणारं आवरण चढवतात, भट्टीत मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. आपल्याकडे पुतळ्यांसाठी बहुधा तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असं मिश्रण मागतात. थंड होताना धातू आक्रसतो. तुकडे जोडायचे, वेल्डिंगच्या रेघा घासून छिन्नीने पुन्हा कातडी, कापड, केस उठवायचे, मग रसायनं आणि आच देऊन रंग आणायचा. यातला कुठलाही टप्पा दिवसरात्र माणसं लावून अर्ध्यावर आणता येत नाही. माती घाईत उरकली तर चेहरा पडतो. साचा पुरता वाळला नाही तर ओतताना धातू उसळतो आणि माणसं भाजतात.

आणि हे सगळं झाल्यावर उरतो आतला सांगाडा, जो कुणाला दिसत नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्याआधी सहा दिवस बांधकाम खात्याच्याच स्थानिक अभियंत्याने नटबोल्ट गंजल्याचं पत्र धाडलं होतं. कला संचालनालयाने नंतर सांगितलं की मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. पुतळा ३५ फुटांचा होणार हे त्यांना कळवलंच नव्हतं.

कुणाचा दोष किती, हे न्यायालय पाहील. मला त्या सहा फुटांबद्दल बोलायचं आहे. सहाचे पस्तीस केले की उंची जवळपास सहापट होते, पण वारा झेलणारा पृष्ठभाग चौतीसपट होतो आणि पायाशी पुतळा उलथवू पाहणारा जोर दोनशेपटीच्या घरात जातो. म्हणजे सहा फुटी नमुन्याला दिलेली मान्यता ही फक्त मुद्रेला आणि चेहऱ्याला दिलेली मान्यता असते. शासनाच्या नियमात मातीच्या नमुन्याची तपासणी आहे आणि ती असायलाच हवी. पण चेहरा पाहणारं खातं आणि पाया पाहणारं खातं एकमेकांचे कागद पाहत नाहीत, आणि पुतळा त्या दोघांच्या मधल्या फटीतून पडतो.

समुद्राचा प्रश्न काही नवा नाही. खारी हवा कांस्य बरीच वर्षं सोसतं. पण तांब्याच्या धातूला टेकून साधं लोखंड ठेवलं आणि त्यावर खारं पाणी बसलं की आधी लोखंड खाल्लं जातं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं. तांब्याचा पत्रा शाबूत, आतल्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. १९८० च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. हे ज्ञान चाळीस वर्षं सगळ्यांसमोर पडून आहे.

राजकोटवर नवा पुतळा उभारायचं काम सुतारांच्याच कार्यशाळेकडे आलं. साठ फुटी पुतळा ११ मे २०२५ रोजी उभा राहिला, म्हणजे जुना पडल्यापासून साडेआठ महिन्यांत, निविदेसकट. हा वेग त्या कार्यशाळेला पेलतो, कारण तिच्यामागे अनेक दशकांचे नमुने, ओतारी आणि अभियंते आहेत. माझी भीती वेगळी आहे. उद्या एखादी नगरपालिका हाच हिशेब धरून, कमीत कमी दर भरणाऱ्या नवख्या पोराला ‘जयंतीपर्यंत हवा’ म्हणून काम देईल. तो नाही म्हणणार नाही. पहिलं मोठं काम कोण नाकारतो?

म्हणून मागणी साधी आहे. मातीचं पूर्ण मापाचं काम पसंत होईपर्यंत आणि सांगाड्याच्या आराखड्यावर स्वतंत्र अभियंत्याची सही होईपर्यंत अनावरणाची तारीख जाहीर करू नका. पाहुण्यांना निमंत्रणही देऊ नका, कारण एकदा पाहुणा ठरला की मागे फिरण्याची हिंमत कुणातच उरत नाही. नमुन्याच्या मान्यतेवर अंतिम उंची, धातू आणि जागा लिहा, आणि त्यातलं काहीही बदललं तर मान्यता आपोआप रद्द समजा. पुतळ्याचं काम रस्त्याच्या डांबरीकरणासारखं सर्वांत कमी दराला देऊ नका. आधीची कामं पाहा, फाउंड्री कुठली ते विचारा. ओतलेल्या धातूचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणं तर अगदी स्वस्त आहे.

चौथऱ्यावरच्या कोनशिलेबद्दलही. तिच्यावर ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष सहकार्य’ यांना जागा असते. शिल्पकाराचं नाव बहुतेक ठिकाणी शोधून सापडत नाही, ओतकाम करणाऱ्याचं तर नाहीच. हा मानाचा प्रश्न आहेच, पण जबाबदारीचाही आहे. नाव दगडावर कोरलं जाणार असेल तर माणूस वेल्डिंगची रेघ आणखी एकदा तपासतो.

शेवटची गोष्ट देखभालीची. जयंतीच्या आदल्या आठवड्यात कांस्याच्या पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट फासण्याची चाल कृपा करून परिपत्रक काढून बंद करा. त्या रंगाखाली छिन्नीचं सगळं बारीक काम बुजतं, आणि पडलेल्या भेगाही दिसत नाहीत. कांस्याला वर्षातून एकदा धुऊन मेणाचा हात पुरतो. आणि राज्यातल्या प्रत्येक मोठ्या पुतळ्याची तपासणी वही ठेवा : आत कोण उतरलं, कोणत्या तारखेला, बोल्ट कसे होते. ती वही तहसील कार्यालयात कुणालाही पाहता यावी. मालवणच्या अभियंत्याने पत्र लिहिलं होतं. ते वेळेत वाचून किल्ल्यावर जाण्याचं काम कुणाचं, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि हुद्द्यासकट लिहिलेलं असावं.

कळावे,
आपला,
शिल्पांवर लिहिणारा एक नागरिक