शांततेचे कूळ आणि समीक्षेची सोय

अहिंसा ही एखाद्या कुळाची किंवा जमातीची उपजत वृत्ती म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिचे नैतिक मूल्य संपुष्टात आलेले असते. जे रक्तातच आहे ते निवडावे लागत नाही. आणि जे निवडलेले नाही त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारीही वाचकावर राहत नाही. वारली विधिगीतांच्या संदर्भात मराठी समीक्षाव्यवहाराने नेमकी हीच सोय स्वतःसाठी करून ठेवली आहे.

या सोयीचे शुद्ध रूप पाहायचे तर ते एका काल्पनिक विश्वात सापडते. १९९५ साली अमेरिकेत आलेल्या ‘लीजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ या पत्त्यांच्या खेळातून एक सामुराई-विश्व उभे राहिले. त्यात असाहिना नावाचे एक घराणे आहे. पौरोहित्य आणि मंत्रविद्या सांभाळणारे हे घराणे शांततावादी आहे. भोवतालच्या विश्वाचा मूल्यव्यूह मात्र तलवारीवर उभा आहे. शांतता एका घराण्याच्या नावे करून दिली की उरलेली कुळे निर्धास्तपणे लढू शकतात, हे या रचनेचे इंगित आहे. असा पुरोहित योद्ध्यांच्या जगाचा प्रतिवाद करीत नाही. तो त्या जगाचा अलंकार ठरतो. करमणुकीसाठी रचलेल्या विश्वात हे खपून जाते. परंतु वास्तवातील विधिकर्त्यांकडे पाहताना विद्यापीठीय समीक्षेनेही हीच रचना का स्वीकारावी, हा खरा प्रश्न आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरपासून डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला पट्टा हा वारल्यांचा प्रदेश. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात तो येतो. येथील देवकार्य आणि रोगनिवारण भगताकडे, तर लग्नाचे पौरोहित्य धवलेरीकडे असते. लग्न लावण्यासाठी ब्राह्मण लागत नाही. धवलेरीच्या गाण्यावाचून मात्र ते लागत नाही. ‘निसर्गपूजक’, ‘निरागस’, ‘शांतताप्रिय’ ही त्रयी या विधिकर्त्यांविषयीच्या लेखनात इतक्या सहजतेने अवतरते की, तिच्यामागे एखादी संहिता वाचली गेली असावी असा समज व्हावा. प्रत्यक्षात ही विशेषणे वाचनाची जागा घेण्यासाठीच वापरली जातात.

संहिता वाचली तर काय दिसते? लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट ही सर्जनाची देवता असते आणि तिच्यालगत, लहान चौकात, पाचशिऱ्या देव. हा देव योद्धा आहे. घोड्यावर बसलेला किंवा घोड्याशेजारी उभा. परंतु त्याला शिर नाही. शिराच्या जागी धान्याची पाच कणसे फुटलेली आहेत. ज्यांना युद्ध ठाऊकच नाही अशा निरागस माणसांनी ही प्रतिमा रचली, असे म्हणणे कोणत्या चिन्हमीमांसेत बसते? चौकाने योद्ध्याला हद्दपार केलेले नाही. त्याला देवीच्या शेजारी जागा दिली, त्याचे शिर काढून घेतले आणि धडाला कणसे आणली. हिंसेविषयीचा हा एक घडवलेला, विचारपूर्वक मांडलेला निर्णय आहे. सामुराई-विश्वात पुरोहित योद्ध्याच्या पदरी राहतो. येथे योद्धाच पालघटीच्या पदरी आला आहे. या दोन रचनांतील भेद ज्या समीक्षेला टिपता येत नाही, तिने ‘शांतताप्रिय’ हा शब्द वापरू नये.

शिवाय हे लग्न कोणत्या ऐहिक व्यवस्थेत लागत होते? लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, ही लग्नगड्याची प्रथा याच पट्ट्यातली. म्हणजे धवलेरी ज्या मुहूर्तावर पालघटीला आवाहन करीत होती, त्याच मुहूर्ताला वेठीचा आरंभ होत होता. १९४५ साली के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मारले गेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक अभ्यासक्रमांतून वाचले जाते, धवलेरीचे गाणे लोकसाहित्याच्या तासाला ओझरते उल्लेखिले जाते. आणि ही दोन्ही एकाच समाजाची, एकाच मांडवाखालची कागदपत्रे आहेत याचे भान कोणत्याच तासाला उरत नाही. पहिल्या तासाचा वारली लढाऊ, दुसऱ्या तासाचा वारली निरागस. दोहोंपैकी एकालाही विचार करणारा माणूस होता येत नाही.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला सुधारणावादी. भगताची विद्या शांततेची कुठली? बाईला भुताळी ठरवून तिचा छळ करवणाराही भगतच असतो. आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज अशाच वास्तवातून निर्माण झाली. पण हा आक्षेप खंडन करतो ते शांततेच्या कुळाच्या मिथकाचे. वाचनाच्या आग्रहाचे नव्हे. ज्या हातात रोगनिवारण आहे त्याच हातात दोषारोपही असू शकतो, म्हणूनच शांतता ही पदाची किंवा रक्ताची देणगी मानता येत नाही. ती विधीच्या प्रत्येक आविष्कारात पुन्हा शोधावी लागते, आणि कधी ती तेथे नसतेही.

दुसरा आक्षेप शास्त्रीय म्हणवणारा आहे. लोकवाङ्मय समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो. मग निर्णय कुणाचा? ‘समूह’ या संकल्पनेचा हा वापर सोयीस्कर आहे. मौखिक परंपरेत गाणे पाठ असते आणि ते रचलेही जाते. कोणता देव आधी बोलवायचा, कोणते कडवे लांबवायचे, काय गाळायचे, हे गाणारीच ठरवते. तुकारामाच्या गाथेतील पाठभेदांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणाऱ्या अभ्यासकांना धवलेरीच्या गाण्यातील पाठभेद मात्र ‘बोलीतील वैविध्य’ वाटतात. चित्रकलेने निदान हा अडसर ओलांडला. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) कागदावर काढू लागले आणि वारली चित्राला कलावंताचे नाव मिळाले. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनी आणि चौकापुढे गाणाऱ्या धवलेऱ्या मात्र अनामच राहिल्या. हे अनामत्व परंपरेने लादलेले नाही. ते नोंद करणाऱ्यांच्या वहीतून आले आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. मनोर-डहाणू पट्ट्यातील लग्नगीतांची संपादने गाणाऱ्या स्त्रियांच्या संमतीने त्यांच्या नावांसह, स्थळकाळाच्या नोंदींसह आणि पाठभेदांसह सिद्ध व्हावीत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ती लोकसाहित्याच्या परिशिष्टात न ठेवता काव्यविचाराच्या पत्रिकेत ठेवावीत. आणि तोवर ‘शांतताप्रिय वारली’ हा शब्दप्रयोग करणाऱ्या प्रत्येक प्रबंधाच्या मार्गदर्शकाने संशोधकाला एकच प्रश्न विचारावा: पाचशिऱ्याचे शिर कोणी काढले, आणि तेथे कणसे का आली?