परशुरामाचा बाण आणि निळ्या चिखलातल्या शिंपल्या

उलवे नोडमध्ये एका इमारतीच्या पायलिंगचे काम चालू होते. आमचा एक धम्मबांधव त्या साईटवर मजूर आहे, मूळचा नांदेडकडचा. त्याचा निरोप आला म्हणून आम्ही गेलो. जयभीम झाला, चहा झाला आणि मग त्याने प्लास्टिकच्या डब्यातून मूठभर शिंपल्या काढून आमच्या हातावर ठेवल्या. ‘सर, वीस-बावीस फूट खाली गेलं की निळी माती लागते, अन् तिच्यात ह्या निघतात. दर भोकाला. साहेबाला दाखवल्या तर म्हणाला, टाक डंपरमध्ये.’

शिंपल्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. दोन-तीन मात्र मिटलेल्या होत्या, दोन्ही पाती जुळलेली, आत तोच चिखल गच्च भरलेला. या मिटलेल्या शिंपल्यांना महत्त्व आहे. मेलेली शिंपली लाटांबरोबर वाहत गेली की तिची पाती सुटी होतात. जोडी शाबूत राहिली याचा अर्थ ती जिथे जगली तिथेच किंवा तिथून जवळच गाडली गेली. म्हणजे आज जिथे सात मजले उभे राहणार आहेत, तिथे एके काळी खाडीचा तळ होता. हे आम्हाला कोणत्या प्राध्यापकाने दाखवले नाही, भोक पाडणाऱ्या मजुराने दाखवले.

मग आम्हीही कंबर कसली. पुढच्या रविवारी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून ओहोटीच्या वेळी खाली उतरलो. समुद्रकिनारी जीवाश्म शोधणे म्हणजे वाळूत फेरफटका मारणे, असे पुस्तकातली चित्रे पाहून वाटते. आमच्या खाडीत वाळू नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, त्यात तिवरांची टोकदार मुळे, कालवांच्या सुरीसारख्या कडा आणि शहराने सोडलेले प्लास्टिक. आमची एक चप्पल त्या चिखलात कायमची गेली. कोळी समाजाच्या एका मावशीने शिकवले तेव्हा चालता आले : आधी टाच मोकळी करायची, मग पाय उचलायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या खाडीचे पाणी चार-पाच मीटर चढते आणि ते समोरून येत नाही, बाजूच्या चरांतून शिरून तुमच्या पाठीमागे उभे राहते. म्हणून आमच्या तरुणांना बजावून सांगतो, एकट्याने जाऊ नका आणि तिवरे तोडून वाट करू नका. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिवरांना संरक्षण आहे.

तीन तासांत मिळाले काय? खुबे, तिसऱ्या, कालवे. सगळी अलीकडची. मावशी हसून म्हणाल्या, ‘हे तर आमी रोज खातो.’ बरोबरच आहे. खरे जुने ते वर पडलेले नसते, खाली असते. आणि नवी मुंबईत खाली कोण जातो? पायलिंगचा मजूर, गटार खणणारा, केबलचा चर मारणारा. त्यांत जास्त कोण भरले आहेत हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या कोणी पारसिकच्या डोंगरातला दगड समुद्री जीवाश्म म्हणून विकायला बसेल. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यात शंख-शिंपले सापडत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी तळी साचली, त्यांत जीव जगले. वरळीला अशाच थरात चिमुकले बेडूक सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांना शास्त्रीय नाव दिले. पण ते गोड्या पाण्याचे. आपल्याकडच्या समुद्राचा पुरावा पाषाणाच्या वरच्या निळ्या-करड्या चिखलात आहे आणि कोकणात ठिकठिकाणी वाळू-शिंपल्या चुन्याने सांधून झालेल्या दगडात आहे, ज्याला करल म्हणतात. त्याचे वय कोटींत नाही, हजारांत आहे. काटेकोर शास्त्रज्ञ त्याला पूर्ण जीवाश्म म्हणायलाही कचरतील. आमच्या दृष्टीने मात्र हा हजारांतला हिशेबच मोलाचा आहे, कारण एवढ्या काळात इथे माणूस होता.

आणि इथेच परशुराम येतो. लहानपणापासून आमच्या कानांवर घातले गेले की, कोकणची भूमी परशुरामाने बाण मारून समुद्राकडून मिळवली. समुद्र मागे हटला, भूमी वर आली आणि ती कोणाला मिळाली, हेही त्याच कथेत सोयीस्करपणे सांगून ठेवले आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या परशुरामाला हजर होण्याची जाहीर नोटीसच काढली. तो काही हजर झाला नाही.

पण त्यानंतर पाच-सात वर्षांतच दुसरे साक्षीदार हजर झाले. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणली जात होती. ही गोदी १८८० मध्ये सुरू झाली. खणताना निळ्या समुद्री चिखलाखाली झाडांची शेकडो खोडे लागली. बरीचशी उभी, मुळे जुन्या जमिनीत तशीच रोवलेली. लाकूड कशाचे? खैराचे. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, तो कोरड्या रानाचा रहिवासी. भूशास्त्रज्ञ वाडिया यांच्या भारतीय भूशास्त्रावरच्या ग्रंथात नोंद आहे की, हे बुडालेले रान ओहोटीच्या रेषेखाली सुमारे १२ फूट आणि भरतीच्या रेषेखाली सुमारे ३० फूट होते. जमीन खचली की पाणी चढले, यावर शास्त्रज्ञांनी वाद घातले आहेत. पाणी चढले हे जगभरच खरे आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी जवळपास आजच्या पातळीला टेकला.

आता वाचकांनी दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवाव्यात. बाणाची कथा म्हणते, समुद्र हटला आणि जमीन आली. खैराची खोडे म्हणतात, इथे रान होते आणि समुद्राने ते गिळले. एक साक्ष पोथीतली, दुसरी चिखलातली. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका. धम्माला ‘एहि पस्सिको’ म्हटले आहे, या आणि पाहा. खैराचे खोड पाहता येते.

शाळिग्रामाचेही तेच. नेपाळच्या काली गंडकी नदीत मिळणारे ते काळे गोटे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अमोनाइट या समुद्री जीवाचे जीवाश्म. हिमालयाच्या जागी समुद्र होता, याचा तो पुरावा. त्याला विष्णू केले आणि वर धर्मशास्त्र्यांनी सांगितले की, स्त्री-शूद्रांनी त्याला हात लावू नये. पाण्याला हात लावायची बंदी आम्ही याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी मोडली. पुराव्याला हात लावायची बंदी कोणी लेखी ठेवलेली नाही, पण ती मोडलेलीही दिसत नाही.

बाबासाहेबांच्या १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाची प्रस्तावना आमच्या कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावी. जिथे लेखी आधार नाही तिथे इतिहास कसा उभा करायचा, हे सांगताना ते आपल्या कामाची तुलना भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी आणि विखुरलेली हाडे-दात जुळवून नष्ट झालेला प्राणी कल्पिणाऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञाशी करतात. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, त्यांना हे शास्त्र परके वाटण्याचे कारणच नाही.

कारण आहे ते दुसरेच. इंग्लंडमध्ये लाइम रेजिस येथे मेरी अ‍ॅनिंग नावाची सुताराची मुलगी होती. बाप कर्ज ठेवून वारला. ही पोर भर हिवाळ्यात, वादळाने कडे कोसळले की किनाऱ्यावर जायची, कारण ताजा कोसळलेला दगड पुढच्या लाटेने जाण्याआधी गाठायचा असे. १८३३ मध्ये अशाच दरडीखाली तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला. तिने काढलेल्या सागरी सरड्यांवर थोरामोठ्यांनी निबंध वाचले, त्यांत तिचे नाव बहुधा नसायचे. लंडनच्या भूशास्त्रीय सभेत तिला प्रवेश नव्हता, कारण ती बाई, त्यात गरीब. १८४७ मध्ये ती वारली. वरळीच्या बेडकांचे बारसे झाले ते याच वर्षी. निदान आज तिचे नाव तरी जगाला माहीत आहे. प्रिन्सेस डॉकमध्ये खैराच्या खोडावर पहिली कुदळ ज्याची आपटली, त्याचे नाव आम्हाला कोणी सांगेल काय?

सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. तेव्हापासून हा किनारा खणला आणि भरला जात आहे. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासई-नवघर परिसरात पाच जणांनी गोळ्या झेलून प्राण दिले. उलव्याचा डोंगर कापून विमानतळ झाला, त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. अशा प्रत्येक कामाआधी जमिनीत भोके पाडून मातीचे नमुने काढतात. किती मीटरवर मुरूम, किती मीटरवर चिखल, कुठे शिंपल्या, सगळे कागदावर येते. खाडीच्या तळाचा इतिहास म्हणजे हेच कागद आणि हेच नमुने. सार्वजनिक पैशातून झालेल्या बोअरिंगच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करा आणि नमुने फेकू नका, विद्यापीठाला द्या, ही आमची मागणी आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक केले. भू-वारशाच्या संरक्षणासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एक मसुदा काढला होता. त्यात अधिकाऱ्यांचे अधिकार भरपूर. ज्याच्या हाताला वस्तू लागते, त्या मजुराची नोंद कोण ठेवणार, हे आम्हाला त्यात कुठे दिसले नाही.

परवा आमच्या त्या धम्मबांधवाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर मशीन लागणार आहे. शिंपल्या ठेवू का, असे विचारत होता. आम्ही म्हणालो, ठेवा, पण धुऊ नका, चिखलासकट पिशवीत बांधा आणि चिठ्ठीवर तारीख, जागा आणि किती फुटांवर लागल्या ते लिहा. तो म्हणाला, ‘अन् सापडल्या कोणाला म्हणून? सुपरवायझरचं नाव टाकू?’ आम्ही म्हणालो, तुमचे टाका.