कुलगुरू महोदय, बी.एस्सी.च्या वाटेवर शाळा कधी लागते?

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : रसायनशास्त्र घेऊन माध्यमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत

महोदय,



अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात जा आणि बी.एस्सी.च्या वर्गात विचारा, पुढे काय करणार? उत्तरे ठरलेली आहेत. कुणी स्पर्धा परीक्षा म्हणेल, कुणी एम.एस्सी. करून पुण्या-मुंबईकडची कंपनी. आणि काही जण, त्यातही मुली जास्त, जरा खालच्या आवाजात म्हणतील, ‘बी.एड. करू, सर.’ हा आवाज खाली का जातो, हे मला विचारायचे आहे. शिक्षक व्हायचे ठरवून रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी आपल्या विद्यापीठात जागा कुठे आहे, एवढाच या पत्राचा विषय. मी दर्यापूर भागात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि माझी बी.एस्सी. अमरावतीचीच आहे. म्हणून हे घरचे गाऱ्हाणे समजा.

आधी या विद्यार्थ्याची वाट पाहू. बारावीनंतर तीन वर्षे बी.एस्सी., मग सीईटी देऊन बी.एड., जे २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर एम.एस्सी.ची आणखी दोन वर्षे. त्यानंतर राज्याची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम आणि भरती निघेल तेव्हा नेमणूक. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला १८,००० रुपये मिळतात, तेही २०२३ मध्ये मानधन वाढले म्हणून. त्याआधी ते ८,००० होते.

पगाराचा प्रश्न सरकारचा आहे, तो आपल्या दारात आणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या एवढ्या लांब वाटेवर, हा माणूस पंधरा वर्षांच्या पोराला रसायनशास्त्र शिकवू शकेल का, हे नेमके कोण तपासते? बी.एस्सी.ला रसायनशास्त्र येते का ते पाहतात, शिकवण्याचा संबंध नाही. बी.एड.ला शिकवण्याची पद्धत पाहतात. विषय येतच असेल असे धरून चालतात. बी.एड.च्या सीईटीत बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षकी कल. नोकरीच्या चाचणीत २०० गुण. त्यांतले १२० अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. संयुजेवर एक प्रश्न नाही. म्हणजे दहावीच्या वर्गात आवर्तसारणी शिकवायला उभा राहणारा शिक्षक निवडताना आवर्तसारणीबद्दल त्याला कुणी काही विचारतच नाही. एकमेकांना न भेटलेल्या दोन पदव्या त्याच्या हातात असतात आणि त्यांची गाठ त्याने वर्गात, पोरांच्या जिवावर, मारायची असते.

ही गाठ मारणे सोपे नाही, कसे ते एका उदाहरणाने सांगतो. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ मध्ये दहा प्रकरणे आहेत. त्यांतली आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे ही चार सरळ रसायनशास्त्राची. विस्थापन अभिक्रिया त्यातच येते : मोरचुदाच्या निळ्या द्रावणातून जास्त क्रियाशील धातू तांब्याला बाहेर काढतो. आपल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हे पाठ असते. लोखंडाचे प्रमाण विद्युत विभव उणे ०.४४ व्होल्ट, तांब्याचे अधिक ०.३४, फरक ०.७८, म्हणून अभिक्रिया आपोआप घडते. गणित बरोबर, गुण पूर्ण.

आता हेच वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत पाहा. डिंक्या रोगासाठी बागायतदार बोर्डो मिश्रण करतो : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करायची, मग एकत्र ओतायची, लोखंडी भांडे वापरायचे नाही. मिश्रण तयार झाले की घासून लखलखीत केलेला विळा किंवा चाकू मिनिटभर त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर धरला तर अजून मोकळे तांबे शिल्लक आहे, तसेच फवारले तर पाने करपतील. म्हणून चुन्याची निवळी आणखी घालायची. पाते स्वच्छ निघाले की मिश्रण बरोबर. ही शुद्ध विस्थापन अभिक्रिया आहे, आणि ती वर्गातल्या कित्येक पोरांच्या घरी दर हंगामात घडते. मी खिळा मोरचुदात टाकून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हे तं आमचे बाबा विळ्यानं करतेत!’ त्या दिवशी समीकरण कुणाला पाठ करावे लागले नाही.

हे मला बी.एस्सी.त कुणी सांगितले नाही, बी.एड.लाही नाही. बी.एस्सी.त बोर्डो मिश्रणाला जागा नव्हती आणि बी.एड.च्या पाठ टाचणात विभवाला. मोरचूद मात्र कृषी केंद्रात किलोने मिळतो.

आपल्या पाच जिल्ह्यांत रसायनशास्त्राला काही तोटा नाही, महोदय. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथल्या काळ्या जमिनीत सोडियम वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सम टाकले की कॅल्शियम सोडियमची जागा घेते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या जमिनींचा अभ्यास करते. शाळेतल्या पोराला मात्र ‘आयनांची अदलाबदल’ म्हणजे पुस्तकातली एक ओळ वाटते. एक मुलगी एकदा विचारती झाली, ‘सर, आमच्या घरची डाय काहून नाही शिजत?’ या एका प्रश्नात जड पाणी आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियमने आवळून धरलेले डाळीतले पेक्टिन आहे, आणि तिची आई चिमूटभर सोडा का टाकते त्याचे उत्तर आहे. लोणारचे सरोवर आहे, ज्याच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो आणि जे जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा सगळा देश बघत होता.

आणि २०१७ चा पावसाळा आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल. हा त्रिकोण वाचायला, ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतूनही शरीरात शिरते हे कळायला, पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचा चांगला विज्ञान शिक्षक लागतो. आमच्याकडे बहुतेक पोरांचे रसायनशास्त्र दहावीला संपते. त्यानंतर ते आयुष्यभर रसायने हाताळतात. म्हणून दहावीच्या वर्गात कोण उभा आहे, हा वऱ्हाडात जिवाचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, चांगले शिक्षक आहेत की. आहेत, अकोल्यात क्लासेसच्या पाट्या वाचत फिरा. नीट आणि जेईईसाठी विदर्भभरातून पोरे तिथे खोल्या करून राहतात. रसायनशास्त्र समजावून देणाऱ्याला तिथे मानही आहे आणि पैसाही. त्यावर माझी तक्रार नाही. वऱ्हाडातले आईबाप चांगल्या शिकवण्याची किंमत ओळखतात, हेच त्यातून दिसते. पण क्लास अकरावीला सुरू होतो. संयुजेची भीती आठवी-नववीला बसते, आणि ज्याच्या मनात ती बसली तो क्लासपर्यंत पोचतच नाही.

‘अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो, बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते, भरती सरकार करते. विद्यापीठाच्या हातात काय?’ असे उत्तर येईल हे मी धरून चाललो आहे. पण बी.एस्सी.ची आणि बी.एड.ची, दोन्ही महाविद्यालये आपल्याच विद्यापीठाला संलग्न आहेत. या दोन पदव्या एका टेबलावर आणणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी तीन गोष्टी करता येतील, त्यांतल्या दोन तर उद्यापासून.

पहिली गोष्ट. शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आले. हे श्रेयांक कुणाचा तरी शिक्का मारून आणण्यापुरते उरू नयेत. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते जवळच्या जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेच्या प्रयोगशाळेत पुरे करू द्या. तिथे कुलूपबंद कपाट असते, लेबल गळून पडलेल्या बाटल्या असतात, आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे २० गुण कसे दिले जातात हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्याने ते कपाट उघडावे, बाटल्यांवर नवी लेबले लावावीत, दहावीच्या प्रात्यक्षिकांची द्रावणे बनवावीत आणि पोरांकडून ती प्रात्यक्षिके करून घ्यावीत. मूल्यमापन महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि शाळेचा शिक्षक यांनी मिळून करावे.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या वर्षाला ‘शालेय रसायनशास्त्र’ नावाची एक ऐच्छिक विषयपत्रिका ठेवा. यात वरच्या इयत्तेचे रसायनशास्त्र कमी करण्याचा प्रश्न नाही. उलट बोर्डोचे पाते का तांबूस होते आणि चुन्याने ते का थांबते, हे पोराला पटेल असे सांगायला विद्राव्यतेपासून विद्युत विभवापर्यंत सगळे यावे लागते. फक्त इथे परीक्षा उत्तरपत्रिकेवर संपू नये. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी, शेतातली माती, घरचा सोडा, कृषी केंद्रातला मोरचूद यांवर स्वस्त आणि सुरक्षित प्रयोग उभे करायला सांगा आणि ते मराठीत मांडायला सांगा. बी.एस्सी. इंग्रजीत होते, शाळा मराठीत भरते. हा सांधा जोडायची जागा विद्यापीठच आहे, नेमणुकीचा पहिला दिवस नव्हे.

तिसरी गोष्ट जरा लांबची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम आणला आहे, आणि २०३० पर्यंत शिक्षक होण्याची किमान पात्रता तीच असावी असे म्हटले आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत विज्ञान आणि बी.एड. एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम कित्येक दशके चालत आला, आणि ही संस्था महाराष्ट्रासाठीच्या विभागातच येते. पण दर्यापूरच्या किती मुली भोपाळला जाणार? शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेसारखी, १९२३ च्या किंग एडवर्ड कॉलेजातून वाढलेली संस्था आपल्याच शहरात आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेची विज्ञान महाविद्यालये अमरावतीत आणि अकोल्यात आहेत. पाचही जिल्ह्यांत किमान एकेक विज्ञान महाविद्यालय हा अभ्यासक्रम सक्षमपणे चालवील, असा आराखडा विद्यापीठाने स्वतः पुढे होऊन करावा. २०३० काही फार लांब नाही, आणि ऐनवेळी धावाधाव झाली तर कागदावर सगळे होते आणि वर्गात काही होत नाही.

याच्या जोडीला एक ठराव अधिसभेने सरकारकडे पाठवावा : नववी-दहावीच्या शिक्षकाची निवड करताना त्याच्या विषयाचा एक भाग चाचणीत असावा. निर्णय सरकारचा, पण विद्यापीठ बोलले तर सरकारला ऐकावे लागते.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. समोरचा माणूस उत्तर देता देता स्वतःच मुद्द्यावर येई. शिकवणे म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगले उदाहरण आम्हाला कुठे मिळणार? हे नाव पदवीच्या कागदावर छापण्याइतकेच पदवीच्या आत उतरावे, ही अपेक्षा जास्त नसावी.

रसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला नववी-दहावीला शिकवणारे दोन-तीन शिक्षक बोलवावेत, एवढीच विनंती. आम्ही रजा टाकून येऊ, प्रवासभत्ता नको. उत्तर द्यायचे झाले तर ते वर्तमानपत्रातून नको; पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या परिपत्रकातून द्या.

कळावे,
आपला,
दर्यापूर तालुक्यातील एक विज्ञान शिक्षक