कांदा, चप्पल आणि 'सीटी नॉर्मल'

गेवराईत कुणाला फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात. आपण पुण्या-मुंबईत बसून हसतो. पण आपलं काय वेगळं? सीटी नॉर्मल आला की 'स्ट्रेस असेल' म्हणून फाईल बंद!

अहो, मेंदूतला कॅव्हर्नोमा सीटीतून सहज निसटतो. पातळ भिंतींच्या, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा तुतीसारखा झुबका तो. आत रक्त इतकं संथ की अँजिओग्राफीतही बहुधा दिसत नाही. दिसतो एमआरआयमध्ये. साधारण 200 माणसांत एकाला असतो, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

आता दुसरं टोक. रिपोर्टमध्ये हे नाव दिसलं की रात्रभर गूगल आणि सकाळी 'डॉक्टर, काढून टाका'! कशाला राव? चालत्या कोडला उगाच कोण हात लावतं? 2016 च्या एका मोठ्या विश्लेषणात, रक्तस्राव किंवा लुळेपणासारखी लक्षणं नसताना सापडलेल्या, ब्रेनस्टेमबाहेरच्या कॅव्हर्नोमात पाच वर्षांतला रक्तस्रावाचा धोका 3.8 टक्के निघाला. तशी लक्षणं देऊन सापडलेल्या ब्रेनस्टेममधल्यांत 30.8. जागा आणि इतिहास बघूनच ठरतं. फिट्सना आधी गोळ्या, त्या पुरल्या नाहीत तर शस्त्रक्रियेचा विचार.

असो. खरी चीड येते ती याच गोळ्या स्थळ बघताना लपवतात तेव्हा. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी 1999 सालीच काढली. गोळी चुकली की फिट येऊ शकते. मग सासरी रोज चोरून गोळी घ्यायची कशी, हे त्या पोरीला कुणी विचारलंय?