आधी संवर, मग पिंजरा



गेल्या पावसाळ्यात परसात उंदीर फार झाले, म्हणून मी पिंजरा लावू लागलो. पकडलेला जीव दूर नेऊन सोडला की अहिंसा पाळली गेली, अशी माझी समजूत होती. एकदा लग्नानिमित्त दोन दिवस परगावी गेलो. पिंजरा लावलेलाच राहिला. परतलो तेव्हा त्यात उंदीर मरून पडला होता. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतील ‘बंध’ आणि ‘अन्नपाननिरोध’ ही नावे मला लहानपणापासून मुखोद्गत. ते दोन्ही दोष माझ्याच हातून घडले.

मग कारण शोधले. पक्ष्यांसाठी सकाळी टाकलेली ज्वारी रात्रीही अंगणात पडून असे. जीवदयेचे तेच दाणे उंदरांना आमंत्रण देत होते. आता दाणे परातीत ठेवतो आणि उरलेले सूर्यास्तापूर्वी उचलतो. भिंतीलगतचा विटांचा ढीग हलवला. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो, म्हणून मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवली. बिळाच्या तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवला. तीन दिवस तो हलला नाही, तेव्हाच बीळ बुजवले. आत पिले असती, तर पुन्हा तोच दोष घडला असता.

नवतत्त्वांत निर्जरेच्या आधी संवर येतो. येण्याचे द्वार प्रथम मिटावे लागते. अंगणालाही हाच क्रम लागू आहे. त्या मुक्या जीवाची क्षमा मागून एवढेच सुचवतो: पिंजरा आणण्यापूर्वी अंगण झाडून पाहावे.