दोन वर्षांचे देव

आमच्या घरी आलेल्या एका परिचितांनी टेबलावरची ग्राफिक नॉव्हेल चाळली आणि विचारलं, "यात तर माणसांनाच देव केलंय. मुसलमानाच्या घरात हे कशाला?" प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पुस्तक होतं 'द विकेड अँड द डिव्हाइन'. किरॉन गिलन यांनी लिहिलेली आणि जेमी मॅकेल्वी यांनी चितारलेली ही मालिका २०१४ ते २०१९ या काळात ४५ अंकांत निघाली. कल्पना अशी: दर ९० वर्षांनी बारा देवता तरुण मुलामुलींच्या शरीरात अवतरतात आणि दोन वर्षांच्या आत मरतात. या खेपेला ते पॉपस्टार आहेत. लुसिफर एक मुलगी आहे, डेव्हिड बोवीची आठवण करून देणारी. नाचणाऱ्या गर्दीला एका मनात गुंफणाऱ्या डायोनायससचं मूळ नाव उमर. आणि लंडनची लॉरा ही त्यांची चाहती. तिला नुसतं चाहती राहायचं नाही; तिला त्यांच्यातलीच एक व्हायचंय.

वरवर पाहता हा सरळ शिर्कचा मामला वाटतो. पण ही गोष्ट देवांचं कौतुक सांगत नाही, देव बनवण्याची किंमत सांगते. वडिलांना जीवघेणा कॅन्सर झाल्याचं कळलं त्या काळात ही कल्पना सुचली, असं गिलन यांनीच सांगितलं आहे. त्यामुळे टाळ्यांच्या गजरातही पानापानावर मरण उभं आहे.

शेवट सांगितल्याशिवाय माझा मुद्दा मांडता येणार नाही, त्याबद्दल माफ करा. 'तू देव आहेस' असं या मुलांना सांगणारी एक म्हातारी आहे, अनान्के. हजारो वर्षं ती हेच करत आली आहे, आणि त्यात तिचा स्वतःचा स्वार्थ आहे. देवपण ही देणगी नसून सापळा आहे, हे लॉराला उमगतं तेव्हा वाचलेले सगळे ते देवपण उतरवून ठेवतात आणि साधी माणसं होतात. सुटका तिथेच आहे.

तौहीद मानणाऱ्या वाचकाला यात परकं काय आहे? लेखकाने ते धर्मासाठी लिहिलेलं नाही, हे मला मान्य. पण माणसाने माणसाला देव करू नये, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

ऐकतो, पण पाळतो का? संगीत हलाल की हराम, यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद होतात. गायकाच्या चाहत्यांना आपण लगेच नावं ठेवतो. मात्र यूट्यूबवरच्या एखाद्या आवडत्या वक्त्याची चूक कुणी दाखवली की आपण चूक तपासत नाही, दाखवणाऱ्याचं ईमान तपासतो. नातख्वानांच्या जलशात शब्दांपेक्षा सेल्फीसाठी झुंबड उडते. याला आपण आदर म्हणतो. आदर आणि आंधळेपणा यांतली रेघ बारीक आहे आणि ती ओलांडायला स्टेज, गिटार लागतेच असं नाही.

यात त्या वक्त्याचंही नुकसान आहे. ज्याला चुकायची परवानगी नाही, त्याला शिकायचीही सोय उरत नाही. उमरसारखी मुलं गर्दीला सगळं देत राहतात. त्यांचं स्वतःचं काय होतंय, हे गर्दीतलं कुणी विचारत नाही.

म्हणून हे पुस्तक मुलांपासून लपवावं असं मला वाटत नाही. त्यात हिंसा आहे, शिव्या आहेत, नको तितकं मोकळेपण आहे. तेव्हा लहानग्यांच्या हाती देऊ नये, हे खरं. पण कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींनी ते वाचावं आणि घरात त्यावर बोलावं.

परिचितांना मी पहिला खंड देऊन पाठवलं आहे. परत आणतील तेव्हा भांडू.